क्लॅरोनेटला श्वास कधी देणार?

पत्र असं आलंय:

«ताई, मी २७ वर्षांचा. अशोक चौकाच्या मागं घर, वडलांचे चार यंत्रमाग आहेत. घरात तेलुगू बोलतो, पण संगीत मराठी भजनी मंडळात पेटी वाजवत शिकलो, मग कीबोर्ड, मग लग्नातले ऑर्केस्ट्रे, मधे वेस्टर्न थिअरीची पाचवी ग्रेडपण दिली. चार शॉर्ट फिल्मना बॅकग्राउंड दिलंय. आता मुंबईच्या एका संगीतकाराकडून बोलावणं आलंय, मालिकांचं काम, असिस्टंट म्हणून, महिन्याच्या पगारावर. आणि इकडं मी १४ मिनिटांचा एक पीस लिहिलाय, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि हलगी, त्याच्यात माझा जीव आहे. आमचे सर म्हणतात सिनेमा-मालिकेत गेलास की कान बिघडतो, मग कॉन्सर्टवाले दारात उभं करत नाहीत. मित्र म्हणतात सोलापुरात चेलो कोण ऐकणार बे. वडील एकच विचारतात, पोट भरंल का? दोन डगरींवर पाय ठेवला तर दोन्हीकडनं जाईन का? सोबत एक शॉर्ट फिल्म आणि या पीसचा ऑडिओ पाठवतोय. – कळंना झालेला, सोलापूर»

अरे मित्रा,

तू पाठवलेलं दोन्ही ऐकलं. एकदा नाही, शॉर्ट फिल्म तीनदा बघितली आणि तो १४ मिनिटांचा पीस पाच वेळा ऐकला, शेवटच्या दोन वेळा वही घेऊन बसले. म्हणून आधी जे ऐकलं ते सांगते, मुंबईचं नंतर बोलू, कारण मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तूच पाठवलंयस आणि ते तुझ्या लक्षात आलेलं नाही.

शॉर्ट फिल्ममधे ती आई दिवसभराच्या विड्या मोजत बसते तो सीन, त्याला तू काहीच दिलं नाहीस. जवळजवळ मिनिटभर. फक्त तिच्या बोटांचा आवाज, बाहेर कुठंतरी रिक्षा, बास. आणि मग ती उठते तेव्हा एकच सूर येतो, तोपण इतका हळू की आधी वाटतं पंख्याचा आवाज आहे. हे कुणी शिकवलं तुला? मी मुंबईत नऊ वर्षं एका अरेंजरकडं, म्हणजे गाण्यात कुठलं वाद्य कुठं काय वाजवणार ते लिहिणाऱ्याकडं, असिस्टंट होते, तिथं चांगली चांगली माणसं बघितली ज्यांना असा मोकळा मिनिट सोसत नाही, लगेच खाली पॅड, म्हणजे कीबोर्डचा लांबलचक सूर, घालतात, वर बासरी घालतात. तू गप्प बसलास. त्याला हिंमत लागते.

आता तुझा पीस. सुरुवात, म्हणजे पहिली २ मिनिटं ५० सेकंद, ती मी कितीही वेळा ऐकू शकते. हलगीवर मागाचा ठेका, खाली चेलोचा एकच षड्ज, आणि तो ठेका मधेच एक मात्रा खातो, धोटा अडकल्यासारखा, मग परत लागतो. वडलांचा माग आहे तो, न सांगता कळतं. सोलापुरात वाढलेल्या कुणालाही कळेल, दुपारी गल्लीतनं जाताना तो आवाज एका घरात संपायच्या आत दुसऱ्या घरात सुरू होतो, आपण झोपतोपण त्याच्यात. आणि नेमकं २:५० ला तू तो सोडून देतोस आणि व्हायोलिनवर भूपासारखी एक गोड चाल आणतोस. मग पत्रात न सांगितलेला पियानो, मग कोरसचा सॅम्पल, मग परत फास्ट, मग सतारीसारखं काहीतरी. मी वहीत खुणा केल्या, पुढच्या अकरा मिनिटांत चौदा वेळा तू विषय बदललायस. पाऊण मिनिट, बदल. पन्नास सेकंद, बदल.

काय झालंय कळतंय का? समोर पिक्चर नव्हतं, तरी तू पिक्चरला म्युझिक दिलंस. डोक्यात शॉट बदलत होते आणि तू त्यांच्या मागं पळत होतास. गंमत बघ, जिथं पिक्चर होतं तिथं गप्प बसायचं धाडस केलंस आणि जिथं तूच मालक होतास तिथं घाबरलास, की ऐकणारा कंटाळेल, की काहीतरी नवीन द्यायला पाहिजे.

सिनेमाचं संगीत आणि कॉन्सर्टचं संगीत यात लोक बरेच फरक सांगतात, हे हलकं ते भारी, हे पैशाचं ते कलेचं, मला ते पटत नाही. मला एकच फरक खरा वाटतो तो म्हणजे लांबी कोण ठरवतं. सिनेमात एडिटर ठरवतो. सीन १ मिनिट ५२ सेकंदांचा, तर तुझा क्यू, म्हणजे त्या सीनचा म्युझिकचा तुकडा, तोपण तेवढाच. सेकंदाला २४ फ्रेम, टेम्पो १२० घेतलास, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, तर एक बीट बरोबर १२ फ्रेमची, दार कितव्या फ्रेमला आपटतं ते मोजायचं आणि तिथं बीट बसवायची, हे काम शिकता येतं आणि तू ते शिकलायसच. कॉन्सर्टमधे दार आपटत नाही. एक सूर किती वेळ धरायचा, मागाचा ठेका तीन मिनिटं चालवायचा की सात, हे तुलाच सांगायचंय, आणि तिथं चुकलास तर दोष द्यायला डायरेक्टरपण नाही. हे शिकवणारा क्लास मुंबईत नाही आणि सोलापुरातपण नाही, ते लिहून, वाजवून घेऊन, समोरची माणसं कुठं खुर्चीत हलायला लागतात ते बघून कळतं.

तुझे सर म्हणतात कान बिघडतो. सरांचा मान ठेवून सांगते, मला हे मान्य नाही. उदाहरणं आपल्याच देशातली घे. इलयराजा, तमिळनाडूतल्या पन्नैपुरम गावचे, थोरल्या भावाच्या मंडळीत पेटी वाजवत गावोगाव फिरलेले, तुझ्या भजनी मंडळापेक्षा ते काही फार वेगळं नव्हतं. मद्रासला आल्यावर धनराज मास्तरांकडं वेस्टर्न शिकले, कन्नड संगीतकार जी. के. वेंकटेश यांच्याकडं असिस्टंट होते, १९७६ ला पहिला सिनेमा आला आणि पुढं हजारावर सिनेमे झाले. आणि त्या सगळ्या धबडग्यात १९८६ ला सिनेमाशी काही संबंध नसलेली आख्खी रेकॉर्ड काढली, कर्नाटक संगीतातले त्यागराज आणि जर्मनीचे बाख एकत्र घेऊन. आणि ८ मार्च २०२५ ला लंडनमधे रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रानं त्यांची सिम्फनी वाजवली. वय ८१. पहिल्या सिनेमानंतर जवळजवळ ४९ वर्षांनी. मधल्या काळात कान बिघडला असता तर ती सिम्फनी लिहून झाली असती का?

उलट्या बाजूनं आलेला माणूस म्हणजे वनराज भाटिया. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले, पॅरिसला नादिया बूलांझेंकडं शिकले, जगभरातल्या मोठमोठ्या संगीतकारांना ज्या बाईंनी घडवलं त्यांच्याकडं, आणि १९५९ ला मुंबईत परत आले तर त्या विद्येचं करायचं काय? जाहिराती केल्या. हजारो जिंगल. मग १९७४ ला श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ आला आणि तिथनं ते सिनेमात आले. जाहिरातीच्या तीस सेकंदांत त्यांनी वाद्यं, आवाज, रेकॉर्डिंग सगळं वापरून बघितलं, आणि ते सिनेमात उपयोगी पडलं. उतारवयात गिरीश कार्नाडांच्या नाटकावर ऑपेरा लिहीत होते. २०२१ ला गेले. पण त्यांच्या शेवटच्या वर्षांत पैशाची किती ओढाताण झाली हेपण पेपरात आलं होतं, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही, वडील विचारतायत तो प्रश्न खराच आहे. त्याच्यावर खाली येते.

परदेशातलं एकच सांगते. अमेरिकेतले फिलिप ग्लास, सिनेमापण केले आणि ऑपेरा-सिम्फन्यापण. १९७६ ला त्यांचा ऑपेरा न्यूयॉर्कच्या सगळ्यात मोठ्या ऑपेरा हाऊसमधे भरगच्च गर्दीत झाला आणि त्यानंतर ते परत टॅक्सी चालवायला गेले, कारण कर्ज झालं होतं. नळजोडणीची कामं केली, टॅक्सी चालवली, एकेचाळीस वर्षांचे होईपर्यंत नुसत्या संगीतावर पोट नव्हतं. तू २७ चा आहेस. आणि त्यांची दुसरी गोष्ट तुझ्या हलगीसाठी सांगते. तरुणपणी पॅरिसमधे रविशंकर एका सिनेमाचं संगीत करत होते आणि ते तिथल्या वादकांसाठी वेस्टर्न नोटेशनमधे उतरवायचं काम ग्लासकडं होतं. त्यांनी सवयीप्रमाणं बार लाइन, म्हणजे ठरावीक मात्रांनंतरच्या उभ्या रेघा, आखल्या, आणि वादक प्रत्येक बारच्या पहिल्या सुरावर जोर द्यायला लागले, सगळा ठेका वेडावाकडा. तबलजी अल्लारखा म्हणत राहिले की हे असं नाहीये. शेवटी बार लाइन पुसल्या तेव्हा कुठं जमलं. तुझ्या पीसमधे हलगी सात मात्रांची वाटते आणि कागदावर तू चार-चारचे बार केलेस, असं मला ऐकूनच वाटतंय. कागद बघितला नाही मी, पण व्हायोलिन जिथं जोर देतं तिथं हलगी देत नाही आणि ते मुद्दाम केल्यासारखं लागत नाही. तपास एकदा.

सोलापुरात चेलो कोण ऐकणार, हा मित्रांचा प्रश्न. मी म्हणते, चेलो सोलापुरात वाजवणार कोण हे आधी विचार, कारण तुझा पीस अजून एकाही माणसानं वाजवलेला नाही. सगळा कॉम्प्युटरमधला आहे. ते सॅम्पल चांगले आहेत, महागाचे असतील, पण त्यांनी तुला फसवलंय. ५:१० पासून पुढं ऐक. क्लॅरिनेटची ओळ चाळीस सेकंद सलग जाते, मधे एक विश्रांती नाही. कॉम्प्युटरला फुप्फुस नसतं रे. बँडवाल्या कुणाला ती वाजवायला दिलीस तर विसाव्या सेकंदाला तो तुझ्याकडं बघायला लागेल.

आणि बँडवाला कुठं शोधायचा हे मी तुला सांगायला नको, तूच लग्नात वाजवतोस. आपल्याकडं क्लॅरोनेट म्हणतात त्याला, बँडमधे क्लॅरोनेट, ट्रंपेट, खर्जातलं मोठं पितळी युफोनियम सगळं आहे, चाळीस-चाळीस वर्षं वाजवलेली माणसं आहेत जी वरातीत चार तास उभ्यानं वाजवतात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला, सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हलगी वाजवणारी मंडळी आहेत. तुझ्या १४ मिनिटांसाठी लागणारी निम्मी माणसं तुझ्या गल्लीपासून दोन किलोमीटरच्या आत राहतात. व्हायोलिन शिकवणारेपण आहेत शहरात. चेलो नाही मिळाला तर तो षड्ज युफोनियमवर दे, मी तर म्हणते युफोनियमवर जास्त चांगला लागेल, त्या आवाजात धातू आहे आणि मागातपण धातूच आहे.

१९५८ साली मुंबईत अँथनी गोन्साल्विस यांनी हेच केलं होतं. गोव्याच्या माजोर्ड्याचे, सिनेमातले अरेंजर आणि व्हायोलिनवादक, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे गुरू. दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांना वाजवणाऱ्या वादकांना घेऊन त्यांनी ऑर्केस्ट्रा उभा केला, राग वेस्टर्न स्कोअरमधे लिहिले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात कार्यक्रम केला. लता मंगेशकर, मन्ना डे त्यात गायले. वादक तेच, सिनेमाचेच, फक्त त्या दिवशी समोर पडदा नव्हता. त्या काळात हे किती अवघड असेल विचार कर. मला ते फार मोठे वाटतात आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आणि तबला-हलगीसारखं वाद्य आणि स्ट्रिंग्ज एकत्र कसे बसवायचे हे बघायचं असेल तर झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढं आणि ऑर्केस्ट्रा सोबतीला अशी रचना, ऐक, २०१५ ला मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियानं पहिल्यांदा वाजवला. हा ऑर्केस्ट्रा २००६ पासून आहे, मुंबईला गेलास तर तिकीट काढून जा, सगळ्यात स्वस्त जागा असंल तिथं बस, आणि डोळे स्टेजवर ठेव, वादक पान कधी उलटतात, श्वास कधी घेतात, व्हायोलिनवाले गजाची दिशा कधी बदलतात. ऐकण्याइतकंच ते बघणं महत्त्वाचं आहे.

आता नोटेशन. तू पाचवी ग्रेड दिलीस हे मला फार आवडलं, ते सोडू नकोस. ‘सैराट’ आपल्या जिल्ह्याचा, करमाळ्याकडचा, नागराज मंजुळे जेऊरचे, ते सगळ्यांना माहितीये. पण २०१६ च्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला तेव्हा समोरच्या वादकांना ना मराठी येत होतं ना करमाळा कुठंय हे माहीत होतं. त्यांच्यासमोर कागद होता. जे कागदावर होतं ते त्यांनी वाजवलं, आणि ऐकताना आपल्याला उसाचं रान दिसलं. तुझ्या पीसचा कागद असा आहे का, की तू खोलीत नसताना कुणीतरी तो उघडून वाजवू शकेल? क्लॅरोनेटचा पार्ट, म्हणजे त्या वादकापुरता कागद, वेगळा काढलायस का? तो बी फ्लॅटमधे लिहिलायस का, की स्क्रीनवर जसं दिसतंय तसंच छापणार आहेस? कारण बँडवाल्यानं कागदावरचा सी वाजवला की ऐकू बी फ्लॅट येतो, आणि तुझी आख्खी तालीम हे कसं झालं यात जाईल. माझी गेलीय अशी एक सकाळ, आठ माणसं बसून होती.

मुंबई.

जा. माझं मत स्पष्ट आहे, जा, पण दीड-दोन वर्षांचा हिशोब धरून जा. मालिकेचं काम म्हणजे काय ते सांगते. रात्री एपिसोड येतो, उद्या तो हवेत जायचा असतो, बावीस मिनिटांचं भरायचं असतं, त्यातलं बरंचसं आधी बनवलेल्या ट्रॅकमधनं उचलून बसवायचं, थोडं नवीन. डायरेक्टर नाहीतर एडिटरनं आधीच दुसरं कुणाचं तरी म्युझिक तात्पुरतं लावलेलं असतं, त्याला टेम्प म्हणतात, आणि आठवडाभर तेच ऐकून त्यांचा कान त्याच्यावर बसलेला असतो, मग तुला सांगतात असंच दे पण वेगळं दे. त्रास होतो याचा. पण तिथं तू वेग शिकशील, संवादाखाली कुठली वाद्यं चालतात ते शिकशील, बाईचा आवाज ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत बासरी ठेवली की दोघांचापण चिखल होतो हे एकदा कळलं की ते स्टेजवर गाणाऱ्याच्या मागं लिहितानापण उपयोगी पडतं. आणि रोज काम संपवायची सवय लागते, ही मला वाटतं सगळ्यात मोठी, कारण आपल्यासारख्यांचे अर्धवट पीस हार्ड डिस्कमधे किती पडलेले असतात ते आपल्यालाच ठाऊक.

पण जायच्या आधी विचारून घे, आणि लिहून घे. तू लिहिलेल्या क्यूवर संगीतकार म्हणून नाव कुणाचं जाणार? मी सांगते का ते. मुंबईत असताना मी एका मालिकेसाठी चाळीस सेकंदांची एक धून केली, एका रात्रीत, आणि पहाटे साडेतीनला एक कागद समोर आला, झोप अनावर झाली होती, मी न वाचता सही केली. ती धून दोन वर्षं रोज संध्याकाळी वाजली. इथं सोलापुरात माझी आई रोज टीव्हीसमोर बसायची, शेजारणीला बोलावून सांगायची माझ्या मुलीचं आहे, आणि मग दोघी नावांच्या पाटीत माझं नाव शोधायच्या. नव्हतंच ते. शेजारीण काही बोलली नाही कधी, पण आईनं हळूहळू तिला बोलवायचं बंद केलं. ते मला पैशापेक्षा जास्त लागलं, आजपण लागतं.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता, आणि तेव्हा तो आजच्यासारखा नव्हतापण. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्याप्रमाणं सिनेमात घेतलेल्या संगीताचा जो संगीतकार आहे त्याला, थिएटरात सिनेमाबरोबर वाजण्यापलीकडं ते जिथं जिथं वापरलं जाईल तिथल्या रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क आहे, आणि तो हक्क करारात निर्मात्याला लिहून देता येत नाही. त्याच्या आधी, १९७७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून, पैसे देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता असं धरलं जायचं, म्हणून जुन्या लोकांच्या हाती फार काही लागलं नाही. रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासून, संगीतकार म्हणून तिथं मेंबर हो. पण हे सगळं संगीतकाराला आहे, आणि कागदावर तू फक्त असिस्टंट असशील तर तुला पगारच. पहिले सहा महिने तसं चालेल, शिकायचेच ते दिवस, पण सातव्या महिन्यापासून तू स्वतः केलेल्या क्यूवर तुझं नाव, निदान जोडनाव, एवढं आधीच बोल. इथल्या कोर्टातल्या वकिलापेक्षा कॉपीराइटचं काम करणारा वकील बघ मुंबईत, एकदाची फी दे, करार वाचून घे. आणि जे लिहिशील त्याची तारखेसकट प्रत स्वतःला मेल करत जा.

वडलांना काय सांगायचं? खोटं सांगू नकोस. पगार किती, खोलीचं भाडं किती, गावाकडं पाठवायला किती उरतील, हे वहीत मांडून दाखव, ते माग चालवतात, सुताचा भाव आणि मजुरी मांडून बघायची त्यांना सवय आहे, तुझ्यापेक्षा लवकर त्यांना कळेल जमतंय की नाही. आणि त्यांना ती पहिली २ मिनिटं ५० सेकंद ऐकवलीस का? पत्रात तू तसं कुठं लिहिलं नाहीस. हेडफोनवर नको, घरात स्पीकरवर लाव, माग बंद असताना, लाइट गेल्यावर मोबाइलवर लावलंस तरी चालेल. त्यांना विचार ठेका बरोबर आहे का. मला खात्री आहे ते तुला काहीतरी असं सांगतील जे मी आणि तुझे सर दोघंही सांगू शकत नाही.

पीससाठी मुंबईत वेळ कुठनं आणायचा हा प्रश्न येईलच. मी सकाळ ठेवली होती. मालिकेचं काम दुपारनंतर तापतं आणि पहाटेपर्यंत चालतं, म्हणून सहाला उठणं जमणार नाही, पण अकरा ते साडेबारा जमतं, त्या दीड तासात कॉम्प्युटर लावायचा नाही, कागद, पेन्सिल, खोडरबर. कॉम्प्युटर लावला की मालिका सुरू होते. रविवारीपण काम येईल आणि कधी आठवडाभर एक ओळ लिहून होणार नाही, तेव्हा स्वतःवर चिडू नकोस, पुढच्या सोमवारी बस.

आणि पीसचं मी काय करीन ते सांगते, पटलं तर घे. ती सुरुवात ठेव. भूपाची चाल, पियानो, कोरस, सतार, सगळं काढून वेगळ्या फाइलीत ठेव, फेकू नकोस, त्यातल्या दोन चाली शॉर्ट फिल्मला सोन्यासारख्या जातील. मग त्या मागाच्या ठेक्यावरच राहा. पाच मिनिटं राहा. क्लॅरोनेट येऊ दे पण मागाच्या आतनं येऊ दे, एका सुरानं, श्वास घेत. सात मिनिटांत संपव. सात मिनिटं एकाच जागी बसून दाखवणं चौदापेक्षा अवघड आहे, आणि विड्यांच्या सीनला तू ते एक मिनिट करून दाखवलंयस, म्हणून मला माहितीये तुला जमतं.

वाजवायला हुतात्मा स्मृती मंदिरासारखं मोठं नाट्यगृह लगेच नको, ते भाडं आणि ती गर्दी पहिल्या खेपेला डोक्यावर बसते. एखाद्या शाळेचा हॉल, नाहीतर तुमच्या समाजाचं कार्यालय, सकाळची वेळ, साठ-सत्तर खुर्च्या. बँडवाल्यांना मानधन दे, थोडं असलं तरी पाकिटात घालून दे, आणि लग्नसराईच्या बाहेरची तारीख धर, नाहीतर ते येणारच नाहीत. हलगीवाल्यांना आधी तासभर बोलव, हलगी शेकायला विस्तव लागतो, हॉलच्या मागं जागा आहे का बघ, आणि शेकलेली हलगी थंड झाली की उतरते हे लिहितानाच लक्षात ठेव, सातव्या मिनिटाला तिचा आवाज पहिल्या मिनिटासारखा राहणार नाही. ते दुरुस्त करायच्या मागं लागू नकोस, तो उतरलेला आवाजच शेवट असू दे, मागपण संध्याकाळी असाच बसतो.

सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे, रात्री बसलास की सकाळी दादर, आणि परत यायलापण तीच. दोन महिन्यांतनं एकदा शनिवार-रविवार येऊन तालीम घेता येईल.

पुढच्या पत्रात ऑडिओ पाठवू नकोस. पार्ट्स पाठव, कागदावरचे. क्लॅरोनेटचा आधी, बी फ्लॅटमधे, आणि श्वास कुठं घ्यायचा त्या जागी स्वल्पविराम मारून.

तुझी,
ताई